अवघड झालंय

गेल्या मार्चमधला शेवटचा शुक्रवार. रक्कम बावीस लाख रुपये, एकाच धनादेशाने. हजर: येळ्ळूरच्या रेखा मारुती पाटील, त्यांचे दीर, त्यांचे वकील, आमच्या कारखान्याचे मनुष्यबळ अधिकारी आणि मी. समझोत्याच्या तीन प्रतींवर सह्या झाल्या. दिरांनी धनादेशावरची अक्षरी रक्कम दोनदा वाचली. रेखाबाईंनी धनादेशाकडे पाहिलं नाही. त्या मला म्हणाल्या, "त्या शबदाचं ज्यांनी लिवलं, त्या बाई आल्या न्हाईत?"

"न्हाईत," मी म्हणालो. "त्या निपाणीला असतात आता."

"मला वाटलं परदेशात असतात."

"होत्या."

हे 'होत्या' कसं झालं, ते लिहायचं आहे.

आधी माझं काम सांगतो, कारण ते काय असतं हे माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही नीट कळलेलं नाही. बेळगावात ओतकाम करणाऱ्या एका कारखान्यात मी कॉर्पोरेट कम्युनिकेशन्सचा प्रमुख आहे. खासबागेतल्या एका लग्नात एका पाहुण्यांनी मला विचारलं होतं, "म्हणजे टेलिफोनचं का? आमचं नेट लई स्लो हाय, बघा की जरा." तेव्हापासून मी 'कंपनीचं लिहिण्याबोलण्याचं बघतो' असं सांगतो. वार्षिक अहवाल, पत्रकारांना द्यायचं निवेदन, गेटवरची सूचना, संचालक मेल्यावरचा शोकसंदेश, कामगाराच्या मुलाला दहावीत चांगले गुण पडले तर त्याचा फोटो, हे सगळं आमच्याकडून जातं. कंपनीनं एखादी गोष्ट कुठल्या शब्दांत बोलायची आणि कुठली बोलायचीच नाही, हे ठरवण्याचा आम्हाला पगार मिळतो.

सीमाभागात हे काम तिप्पट होतं, कारण प्रत्येक मजकूर इंग्रजी, कन्नड आणि मराठी असा तिन्ही भाषांत जातो. कन्नड वर, मराठी खाली. अक्षरं किती मोठी यावरून आमच्या गेटवरचा फलक लोकांनी टेप लावून मोजलेला आहे, आणि मोजणारे दोन्ही बाजूंचे होते. एक नोव्हेंबर म्हणजे इकडे कन्नड लोकांचा राज्योत्सव आणि मराठी लोकांचा काळा दिवस; तेव्हा कंपनी काय शुभेच्छा देते याकडे तर सगळ्यांचे डोळे असत. त्या दिवशी मी वर्षानुवर्षं यंत्रांच्या वार्षिक देखभालीची माहिती प्रसिद्ध करत आलो. त्यावर कोणाला बोट ठेवता आलं नाही.

प्रज्ञा कांबळे माझ्याकडे आली ती एका चुकीमुळे. आमच्या मराठी अहवालात 'अवांतर खर्च' असं एक शीर्षक होतं. कन्नड मजकूर करणाऱ्यानं, शब्द दोन्हीकडे आहे म्हणून, तसाच ठेवला. कन्नडमध्ये अवांतर म्हणजे अनर्थ, घोटाळा. प्रज्ञा तेव्हा मुलाखतीला आली होती आणि बाहेर बसून वेळ जावा म्हणून अहवाल चाळत होती. आत आल्यावर खुर्चीवर बसायच्या आधी तिनं विचारलं, "सर, तुमच्या कंपनीत एवढ्या लाखांचा अनर्थ कसला झाला?" मी पान बघितलं आणि छापखान्याला फोन लावला. अहवालाचे गठ्ठे टेम्पोत चढत होते, ते उतरवले. तिला दुसरा प्रश्न विचारण्याची गरज पडली नाही.

ती निपाणीची. आईनं उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. वडील लवकर गेले. घरात मराठी, शाळेत कन्नड, कॉलेजात इंग्रजी, आणि तिन्ही भाषा पक्क्या. काही वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगलं निवेदन लिहू लागली. हे मी तिच्या मूल्यमापनात लिहूनही ठेवलं आहे.

आमचा कारखाना एका इंग्रज कंपनीनं विकत घेतला होता. तिकडच्या मुख्यालयात एक जागा निघाली: कॉर्पोरेट कम्युनिकेशन्सचं संपूर्ण नेतृत्व, वर्क व्हिसा स्पॉन्सरशिपसह. अशा जाहिरातींवर हल्ली आपल्याकडच्या पोरापोरींचे डोळे लागलेले असतात, म्हणून यातला व्यवहार सांगतो. आपल्याकडे स्पॉन्सर म्हणजे गणपतीच्या मांडवाला बॅनर देणारा. तिथे स्पॉन्सर म्हणजे ती कंपनी, जी त्यांच्या सरकारला सांगते की हे माणूस मला अमुक पदासाठी, अमुक पगारावर हवं आहे. व्हिसा त्या पदाला आणि त्या पगाराला बांधलेला असतो. पद बदललं किंवा पगार ठरलेल्या रेषेच्या खाली गेला, की व्हिसाचा आधार गेला. नोकरी सुटली तर साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर सामान बांधायचं. थोडक्यात, पगार देणारा आणि राहू देणारा एकच.

प्रज्ञाची निवड झाली. करार घेऊन ती आईसह आमच्या घरी आली. मी कर, घरभाडं, रेल्वेचा पास वजा करून महिन्याला काय उरेल ते मांडून दाखवलं. उरत होतं, बऱ्यापैकी उरत होतं. शेवटच्या पानावरच्या एका कलमाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. दोन वर्षांच्या आत स्वतःहून नोकरी सोडली, तर व्हिसा आणि स्थलांतराचा खर्च कंपनीला परत द्यायचा.

"हे वाचलंस का?"

"वाचलं की सर. सोडतंय कोण?"

तिच्या आईला काळजी वेगळीच होती. "साहेब, तिकडं थंडी लई असतीया म्हणं. हिला तर बेळगावचीबी सोसत न्हाई."

"आक्का, तिकडं घरात गरम असतं," मी म्हणालो.

"मग ऑफिसला कशाला जाती? घरातच बस म्हणावं."

प्रज्ञा गेली. दीड वर्ष सगळं नीट चाललं. त्यांच्या वार्षिक सभेचं भाषण तिनं लिहिलेलं मी इंटरनेटवर ऐकलं, आणि कुठल्या वाक्यावर अध्यक्ष थांबणार हे मला आधीच कळत होतं, कारण तशी थांबायला लावणारी वाक्यं लिहायची सवय तिला आमच्याकडेच लागली होती.

मग मारुती पाटलांचा अपघात झाला.

मारुती येळ्ळूरचे, साचे बनवणाऱ्या, म्हणजे मोल्डिंग विभागात. दुपारच्या पाळीत क्रेनच्या साखळीची कडी सुटली आणि वाळूनं भरलेली लोखंडी पेटी त्यांच्या मांडीवर आली. क्रेनवर इराप्पा होता, गोकाकच्या बाजूचा, कन्नड माणूस. आमच्याकडे असल्या माणसाला मराठी येतेच. कामावर, चहावर, भांडणात, सगळीकडे तो मराठी बोलायचा. खाली उतरून त्यानं भिंतीवरचा फोन उचलला आणि पाळीचे व्यवस्थापक मोहिते यांना लावला. मोहिते कागलचे, बदली होऊन नुकतेच आलेले, कन्नड येत नसलेले. तो फोन रेकॉर्ड होतो. मी तो पुष्कळ वेळा ऐकलेला आहे.

"सर, मोल्डिंगला अवघड झालंय. तुम्ही या."

"तुमचं रोजचंच अवघड असतं रं. मीटिंग संपली की येतो."

"लगेच या सर."

"येतो म्हटलं की."

फोन संपला. मोहित्यांनी ऐकलं ते असं की काम जड जातंय, काहीतरी अडलंय. मराठीत अवघड म्हणजे कठीण, दुसरं काही नाही. पण कन्नडमध्ये अवघड म्हणजे अपघात. आगीची बातमी असली की कन्नड पेपरात 'अग्नि अवघड' असाच मथळा येतो. इराप्पानं साहेबाला अपघात झाल्याचं कळवलं आणि आता गाडी येणार या भरवशावर तो पुन्हा क्रेनवर चढला, पेटी उचलायला. कारखान्याची रुग्णवाहिका व्यवस्थापकाच्या हुकुमाशिवाय हलत नाही. मोहिते बैठक संपवून आले तेव्हा अर्धा तास होऊन गेला होता. पेटी उचललेली होती आणि मारुती जमिनीवर, मांडीला कोणाचा तरी शर्ट बांधलेला. मारुती हॉस्पिटलच्या दारातच वारले. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, या प्रश्नावर डॉक्टरांनी 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी इराप्पाला निलंबित केलं. कारण दिलं, अपघाताची स्पष्ट सूचना न देणं. तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"सर, मी सांगितलं की. अवघड म्हणालो की."

"मराठीत त्याला अपघात म्हणतात, इराप्पा."

"ठाऊक हाय सर. इतकी वर्षं झाली. पण मारुती खाली वरडत होता. तवा तोंडात आपलंच येतंय."

त्याच संध्याकाळी मोहितेही आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मी काय चुकीचं ऐकलं सांगा," ते म्हणाले. "माझ्या आईनं मला जी भाषा शिकवली, तीत अवघड म्हणजे अवघड. तो मराठीत बोलत होता. मी मराठीत ऐकलं." मला त्यांना खोटं ठरवता आलं नाही. आजही येत नाही.

सगळं येऊन थांबलं ते एका प्रश्नावर: कंपनीला अपघात कळला केव्हा? फोन आला तेव्हा कळला असेल, तर अर्धा तास गाडी न पाठवल्याचा दोष कंपनीचा. फोनवर नुसती अडचण सांगितली असेल, तर दोष इराप्पाचा. मग त्याच्यावर पोलिसांत तक्रार होणार आणि रेखाबाईंना कायद्यानं किमान बसतं तेवढं देऊन फाईल बंद.

मुख्यालयानं माझ्याकडे त्या फोनचं अधिकृत इंग्रजी भाषांतर मागितलं. मी लिहिलं: वाक्य मराठी आहे, 'अवघड' हा शब्द बोलणाऱ्यानं त्याच्या भाषेतल्या अर्थानं वापरला आहे, अर्थ 'अपघात झाला आहे'. सही करून पाठवलं. उत्तर आलं की स्थानिक कार्यालयाच्या मताची नोंद घेतली आहे, मात्र मुख्यालयाच्या पातळीवर दुसरं मत घेतलं जाईल. दोन्ही भाषा जाणणारं मुख्यालयात एकच माणूस होतं. हे मला पत्र पाठवल्यावर लक्षात आलं. पाठवायच्या आधी तिला एक फोन करायला हवा होता.

फोन तिनंच केला. इथे दुपार होती, तिथे ऑफिस नुकतं उघडलं होतं. माझ्याशी खाजगी बोलताना ती कायम निपाणीचं बोलायची.

"सर, तुमचं वाचलं."

"मग?"

"ते म्हणतात, मराठीची डिक्शनरी बघा. बघितली. अवघड म्हंजे डिफिकल्ट. खरंच हाय ते."

"कन्नडची बघितली का त्यांनी?"

"त्याची गरज न्हाई म्हणं. फोन मराठीत झालाय." ती थोडी हसली. "सर, इराप्पाचं वाक्य कुठल्या भाषेतलं, हे तिथं कारखान्यात उभं राहून सांगता येत न्हाई. हे इथं बसून ठरवायला लागलेत."

मग तिनं सांगितलं ते असं. पत्रकारांना द्यायचं निवेदन तयार होतं. त्यात वाक्य होतं की 'सुरुवातीच्या दूरध्वनीत अपघाताचा उल्लेख नव्हता'. निवेदनाखाली विभागप्रमुख म्हणून नाव तिचं, आणि सोबत भाषांतराचं प्रमाणपत्र, तेही तिच्याच सहीचं. तिनं नकार दिला, तर विभागाची 'फेररचना' करण्याचा विचार असल्याचं तिच्या वरिष्ठांनी चहा पाजून सांगितलं होतं. प्रमुखाचं पद रद्द, तिला समन्वयक करायचं. नोकरी राहणार, टेबल तेच, खिडकीही तीच.

"पगार?" मी विचारलं.

तिनं आकडा सांगितला. व्हिसाला लागणारी रेषा मला पाठ होती, तिचा हिशेब मीच केला होता. नवा पगार त्या रेषेच्या बराच खाली होता. म्हणजे तिला कोणी काढणार नव्हतं. फक्त तिचं पद एवढं लहान करणार होते की तेवढ्या लहान पदावर तिला त्या देशात राहता येणार नव्हतं. मी या धंद्यात पुष्कळ वर्षं आहे. इतकं नीटनेटकं काम मी क्वचित पाहिलं आहे.

"प्रज्ञा," मी म्हणालो, "दोन्ही अर्थ संभवतात असं लिहिता येईल. ते खोटं नाही."

"खोटं न्हाई. पण सर, दोन्ही संभवतात म्हटलं की फायदा कुणाला?"

मी माझ्या पत्राची प्रत समोर ओढली.

"इराप्पाला दोन पोरी हायत न्हवं?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि मारुतीअण्णांच्या घरी?"

"एक मुलगा. नववीला."

"बघते," ती म्हणाली. "आईला एवढ्यात काय बोलू नका."

तिचं मत चार ओळींचं होतं. पहिल्या ओळीत अर्थ, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत कारण, चौथीत म्हटलं होतं की निवेदनातलं ते वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही, त्यामुळे त्याखाली तिचं नाव घालता येणार नाही. सोबत कन्नड पेपरांतल्या कारखान्यांच्या बातम्यांची कात्रणं जोडली होती, प्रत्येक मथळ्यात तोच शब्द. विशेषण एकही नव्हतं. आमच्या धंद्यात शिकवण्यासारखा मजकूर होता, पण तो आम्ही कोणाला दाखवत नाही.

कंपनीच्या स्वतःच्या दोन माणसांनी लेखी एकच अर्थ दिल्यावर मुख्यालयाच्या वकिलांनी ते निवेदन निघण्याआधीच रद्द करायला लावलं. इराप्पावरची कारवाई थांबली. रेखाबाईंच्या वकिलांशी बोलणी सुरू झाली. मोहित्यांची बदली चाकणला झाली. जाताना ते मला भेटले नाहीत.

आणि मुख्यालयात फेररचना झाली. तिला समन्वयकपदाचं पत्र मिळालं. ते स्वीकारलं असतं तरी व्हिसा जाणारच होता, म्हणून तिनं नाकारलं. कागदावर त्याची नोंद 'कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिला' अशी झाली. ते साठ दिवस तिनं जाहिराती चाळण्यात घालवले. नेतृत्वाची पदं होती, पण स्पॉन्सरशिप देणाऱ्या कंपन्या थोड्या, आणि त्यातल्या दोन कंपन्यांनी आधीच्या कंपनीकडे चौकशी करून पुढे काही कळवलं नाही. मुदत संपायच्या आठवड्यात ती परत आली.

निपाणीला मी तिला भेटायला गेलो. तिची आई दारातच म्हणाली, "बघा, थंडी सोसली न्हाई शेवटी." शेजारच्या बायकांनाही तिनं तेच सांगितलं होतं. प्रज्ञानं आईला खरं सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही. चहा झाल्यावर आक्का म्हणाल्या, "साहेब, कायबी असू द्या. खोट्यावर सही केली न्हाई न्हवं पोरीनं?" म्हणजे सांगितलं होतं.

प्रज्ञा आता एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि घरून भाषांतरं करते. बेंगळुरूच्या दोन कंपन्यांनी मुलाखतीत विचारलं की इतकं मोठं पद दीड वर्षात का सोडलं. ती खरं सांगते. बोलणं तिथे संपतं.

एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. मी आणि तिनं लिहिलेला अर्थ एकच होता. मला त्यासाठी काहीही द्यावं लागलं नाही. माझं पद तेच, पगार तोच, वर्षअखेरीची वाढही मिळाली. मला काढलं असतं तर मी शहापुरातल्या माझ्या घरात माझ्याच खुर्चीवर बसून दुसरी नोकरी शोधली असती. तिच्या पायाखालची जमीनच पगाराला बांधलेली होती. ते कलम मी तिला पेन्सिलीनं दाखवलं होतं. पण असा प्रसंग माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. थंडीही नव्हती.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी रेखाबाईंना समझोत्याची प्रत देऊन मी बाहेर आलो, तेव्हा इराप्पा गेटवर उभा होता. निलंबनाच्या काळाचा पगार त्याला मिळाला होता. तो म्हणाला, "सर, आता मी फोनवर अपघातच म्हणतो. काय बी झालं तरी अपघातच. परवा तेल सांडलं तरी अपघात म्हणालो. सगळे पळत आले, मग मलाच शिव्या घातल्या." मी हसलो नाही आणि तोही हसला नाही.

त्यानंतर एप्रिलमध्ये या प्रकरणातला शेवटचा व्यवहार झाला. मुख्यालयाचं मागणीपत्र प्रज्ञाला निपाणीच्या पत्त्यावर आलं. तिनं मला त्याचा फोटो पाठवला, आणि पत्राचा नमुना मी ओळखला. तिकडे गेल्यावर कंपनीची जुनी, उर्मट भाषेतली पत्रं तिनंच सौम्य करून दिली होती. 'आपल्या सेवेबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत' ही सुरुवात तिची. पैसे भरण्यासाठी तीन हप्त्यांची सवलत, तीही तिनंच घालायला लावलेली. तिनं हप्ते घेतले नाहीत.

व्हिसाचं शुल्क आणि स्थलांतराचा खर्च, शेवटच्या पगारातून वळते करून उरलेले, एकूण चार हजार सहाशे पौंड. त्या दिवशीच्या दरानं साधारण पाच लाख रुपये. देणार, प्रज्ञा कांबळे. घेणार, कंपनी.